धागा कापण्याआधी एकदा विचारा: वर्धा जिल्ह्यातल्या एका आशाचं डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांचे अधिष्ठाता, सर्व जिल्हा शल्यचिकित्सक आणि वॉर्डात रात्रंदिवस उभे असणारे निवासी डॉक्टर व सिस्टर

सप्रेम जय भीम.

मी समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात २००९ पासून आशा कार्यकर्ती आहे. माझ्याकडची वस्ती हजार-बाराशेची. कोणाच्या घरी बाळंतपण आहे, कोणाची थुंकी तपासायला द्यायची आहे, कोणाच्या सिकलच्या (सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) गोळ्या संपत आल्या, हे मला तोंडपाठ असतं. गावात मोठा आजार निघाला की त्या माणसाला घेऊन तुमच्याकडे येणारी बहुतेक वेळा मीच असते. कधी सेवाग्राम, कधी सावंगी, कधी नागपूरचं मेडिकल. ओपीडीच्या रांगेत तुम्ही मला पाहिलं असेल. हातात फाईल, खांद्याला पिशवी आणि मागे पेशंटची चार-पाच माणसं.

हे पत्र त्या मागच्या माणसांबद्दल आहे. पण सुरुवात माझ्या आईपासून करते.

२०१७ साली आईला गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला. अंगावरून पांढरं जात होतं, ते तिने दीड वर्ष कोणाला सांगितलं नाही. पोटची पोरगी आशा, गावभर बायांना हेच विचारत फिरते, तिलाही नाही. कळलं तेव्हा आजार तिसऱ्या टप्प्यात होता. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत केस बसली. पंचवीस शेक आणि आठवड्यातून एकदा केमोची सलाईन असं ठरलं. रेडिएशनला आमच्याकडे शेकच म्हणतात.

आमच्या घरात नवस नाही, अंगारा नाही. १९५६ साली माझे आजी-आजोबा दीक्षा घ्यायला नागपूरला गेले आणि परत आल्यावर घरातले देव त्यांनी नदीत सोडले. आईने ते आयुष्यभर पाळलं. पण शेक सुरू व्हायच्या आदल्या रात्री ती म्हणाली, "घरी परित्राण पाठ घेऊ." विहारातल्या बाया आल्या, भंतेजी आले. मधोमध पाण्याचा कलश ठेवला, त्यात पांढऱ्या सुताचं टोक सोडलं आणि ते सूत एकीच्या हातातून दुसरीच्या हातात असं सगळ्यांमधून फिरवलं. पाठ झाल्यावर त्याच सुताचा तुकडा भंतेजींनी आईच्या उजव्या मनगटाला बांधला. त्याला वस्तीतल्या तीस-पस्तीस बायांचे हात लागले होते. दीड वर्ष दुखणं पदराआड ठेवणाऱ्या माझ्या आईने त्या रात्री पहिल्यांदा चार बायांत तोंड उघडून सांगितलं की मला हे झालं आहे. दोघी-तिघी रडल्या. एकीने तिथेच सांगितलं की मलाही दोन महिन्यांपासून तसंच जातं, आणि पुढच्या आठवड्यात मी तिला तपासायला नेलं.

तिसऱ्या सलाईनच्या दिवशी आईची शीर सापडेना. दवाखान्याचं नाव मला घ्यायचं नाही. तरुण डॉक्टर होते, रात्रीपासून ड्युटीवर असावेत, डोळे लाल झाले होते. त्यांनी ट्रेमधली कात्री उचलली, धागा कापला आणि म्हणाले, "शिकलेल्या घरातले दिसता, आणि असल्या अंधश्रद्धा पाळता?" धागा खाली पडला. आई काही बोलली नाही. सलाईन संपल्यावर तिने वाकून तो उचलला आणि पदराच्या गाठीत बांधला. एसटीत घरापर्यंत गप्प होती. हातपाय धुतल्यावर म्हणाली, "आता मी नाही येत तिथं."

शीर शोधायची तर धागा काढावा लागतो, हे मला समजतं. "मायजी, हा दुसऱ्या हाताले बांधून देऊ का?" एवढं विचारलं असतं तर तिने स्वतःच सोडून दिला असता. तिचा शेक अकरा दिवस तुटला. भाऊ, मी, भंतेजी, सगळ्यांनी समजावलं तेव्हा परत आली. शेकात खंड पडला की गाठीला पुन्हा वाढायला सवड मिळते, हे मला तुमच्यातल्याच एका मॅडमने नंतर समजावून सांगितलं. २०१९ ला आई गेली. ती त्या अकरा दिवसांमुळे गेली असं मी म्हणणार नाही. आजारच उशिरा कळला होता आणि तो उशीर आमच्या घरातला होता. पण त्या अकरा दिवसांचं मला आजही वाईट वाटतं, कारण ते टाळता येण्यासारखे होते.

डॉक्टरसाहेब, मॅडम, एवढ्या वर्षांत मी एक गोष्ट वारंवार पाहिली. ताईत, गंडा, अंगारा पाहून तुम्ही रागावता तेव्हा माणूस ताईत सोडत नाही, दवाखाना सोडतो. त्याला कारण आहे. तो ताईत त्याच्या मोठ्या बहिणीने बांधलेला असतो, गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्यात जाऊन, दिवसभराची मजुरी पाडून. त्याला पुढचे दिवस त्या बहिणीसोबत काढायचे आहेत, उद्या तोंडात घास गेला नाही तर चमच्याने भरवणार तीच आहे. तुमच्याशी त्याची ओळख पंधरा मिनिटांची. दोघांतून एकाला सोडायला लावलंत तर तो कोणाला सोडेल? आणि सोडताना तुमच्याशी भांडणारही नाही. "हो जी" म्हणेल, चिठ्ठी खिशात ठेवेल आणि पुढच्या तारखेला येणार नाही. तुमच्या रजिस्टरात तो "उपचार सोडून गेला" असा लागतो.

म्हणून मी बुवाबाजीची बाजू घेते असं कोणी समजू नये. काही बाबतींत मी सरळ आडवी जाते. साप चावला तर मी कोणाचंही ऐकत नाही. घरचे म्हणतात आधी बावाकडे उतरवून आणू, मी १०८ ला फोन लावून पेशंटच्या खाटेपाशी उभी राहते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यावर माणसाला उपचारापासून अडवून मंत्र-तंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे, आणि ते कलम मी गावच्या पोलीस पाटलाला पाठ करून दिलं आहे. मेळघाटात तान्ह्या लेकराच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात, तिथेही सबुरीने घ्या असं मी म्हणणार नाही. पण त्या कायद्याचे शब्द पाहा. त्याने उपचार अडवण्याला गुन्हा म्हटलं आहे. दर्ग्याची यात्रा, पूजा, कीर्तन यांना हात लावलेला नाही. उपचार अडवणारा धागा आणि उपचाराला जाताना बळ म्हणून बांधलेला धागा यांत कायद्याने फरक केला, तो वॉर्डातही व्हावा एवढंच माझं मागणं आहे. त्याच मेळघाटात आरोग्य विभागाने भूमकांनाच, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूंनाच, हाताशी धरलं, पेशंट दवाखान्यात पाठवलास तर मानधन देऊ म्हणाले. तिथला कोरकू आदिवासी माणूस आधी भूमकाकडेच जातो, ते वळण मोडता येत नाही, मग त्या वळणावरच आपला माणूस उभा करावा, हा शहाणपणाचा विचार होता.

आता पथ्याचं सांगते, कारण याच ठिकाणी सगळ्यात जास्त घोटाळा होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्याकडे औषध म्हटलं की पथ्य आलंच. वैदूने काढा दिला की तो सांगतो, आंबट बंद, वांगं बंद, वातूळ खाऊ नको. लहान लेकराच्या अंगावर माता आली की घरात फोडणी बंद, उंबऱ्यात कडुनिंबाचा डहाळा, घरच्यांनी डोक्याला तेल लावायचं नाही आणि उतरल्यावर गावाच्या शिवेवरच्या मातामायला दहीभात. देवीचा रोग देशातून जाऊन पन्नास वर्षं होत आली, तरी कांजिण्या आल्या की घर याच वळणावर जातं. पथ्य म्हणजे घराच्या हाताला दिलेलं काम. आजारी माणूस एकटा गोळी गिळतो, पण पथ्य अख्खं घर पाळतं. म्हणून पेशंटची बायको तुम्हाला शेवटी दारातून परत फिरून विचारते, "डाक्टरसाहेब, पथ्य काय?" तुम्ही घाईत, चांगल्या मनाने म्हणता, "काही नाही, सगळं खा." ती बाहेर येऊन मला म्हणते, "ह्याले काही समजत नाही वाटते वं बाई. एवढी मोठी बिमारी, अन् म्हनते सगळं खा." मग पथ्य सांगणारा दुसरा माणूस शोधला जातो, आणि तो सापडतोच. तो दूध बंद करतो, अंडी बंद करतो, डाळ बंद करतो. केमोवरचा माणूस महिन्याभरात काटकुळा होतो.

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात एक डॉक्टर होते. त्यांना हे कोणी शिकवलं माहीत नाही, पण ते प्रत्येकाला पथ्य द्यायचे. खुर्ची पुढे ओढून, आवाज बारीक करून सांगायचे, "पथ्य कडक आहे, जमेल का?" मग सांगायचे, रोज दोन अंडी चुकवायची नाहीत, अंडं चालत नसेल तर तुरीचं घट्ट वरण दोन वाट्या आणि मूठभर शेंगदाणे. पाणी उकळून गार केलेलंच. शिळं आणि उघड्यावरचं बंद. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, बंद. बायका हे बोटांवर मोजत घरी न्यायच्या आणि शब्दाशब्दाने पाळायच्या. तुमच्याकडे छापलेला आहाराचा कागद असतो, पण त्यात ब्रोकोली आणि ओट्स असतात. जवसाची चटणी, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकर या शब्दांत तो कागद पुन्हा लिहून काढा. माझी मदत लागली तर मी येईन.

सिकलच्या पेशंटलाही असंच पथ्य हवं असतं. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, ताप आणि अतिश्रम यांनी सिकलचा झटका येतो. आमच्याकडे हिवाळ्यात शेतीची लाईन रात्रीची असते, म्हणजे पोरगा पहाटे दोनला हरभऱ्याच्या ओलिताला जातो, पाय बर्फासारख्या पाण्यात. सकाळी हाडं ठणकतात, घरचे म्हणतात वात भरला, आणि लसणाच्या तेलाने चोळत बसतात. "थंडीपासून जपा" असं सांगून ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. "रात्रीचं ओलीत तू करायचं नाही, भावाने करायचं" असं सांगितलं तर पोचतं, आणि भावासमोर सांगितलं तर पाळलंही जातं. सिकलवरची हायड्रॉक्सीयुरियाची गोळी गरम पडते असा समज आहे, म्हणून उन्हाळा लागला की पुष्कळ जण आपल्या मनाने ती बंद करतात. एप्रिल-मे मधे तेवढं आठवणीने विचारा.

दुसरी गोष्ट सांगण्या-न सांगण्याची.

आमच्या गावातल्या एका काकाजींना तोंडाचा कॅन्सर निघाला. तीस वर्षं खर्रा खाल्ला होता. आधी तोंड उघडेनासं झालं, दोन बोटंही जाईनात, मग गालात जखम. तुकडा काढून तपासायचा म्हटलं तर घरात आठ दिवस वाद झाला, कारण चाकू लागला की हवा लागते आणि बिमारी पसरते असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं. (हा समज तुम्ही स्वतःहून खोडून काढत जा. लोक भितात, पण विचारत नाहीत.) रिपोर्ट आला तेव्हा मोठा मुलगा डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणाला, "बाबाले सांगू नका जी." डॉक्टर चिडले. म्हणाले, पेशंटला कळण्याचा हक्क आहे, तुम्ही कोण लपवणारे. हक्क आहे हे खरंच आहे. दवाखान्यातून घरी येताना गाडीत मात्र कोणी एक शब्द बोललं नाही.

चौथ्या दिवशी काकाजी मुलाला घेऊन शेतात गेले. मी पलीकडच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायांकडे लोहाच्या गोळ्या द्यायला गेले होते, म्हणून पाहिलं. त्यांनी त्याला धुऱ्याधुऱ्याने फिरवलं. इथं पळसाखाली हद्दीचा दगड आहे, तो हलवला गेला आहे, शेजाऱ्याने दोन हात खाल्ले, भांडू नको पण मोजणी आणून घे. विहिरीत आपला तिसरा हिस्सा. कृषी केंद्राचे एवढे द्यायचे, सोसायटीचे एवढे. तोंड धड उघडत नव्हतं, अर्धं खुणेने सांगत होते. शेवटी बांधावर बसले आणि म्हणाले, "तुह्या मायले शहरात ठेवजो नोको. तिले करमत नाही तिथं." मुलगा ढसाढसा रडला. कॅन्सर हा शब्द दोघांपैकी कोणी उच्चारला नाही.

तुमच्या फॉर्मवर एक रकाना असतो, पेशंटला आजाराची कल्पना आहे का, हो किंवा नाही. काकाजींच्या फॉर्मवर "नाही" लिहिलेलं होतं. मला वाटतं, आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागेल. पेशंटलाच विचारा, "काकाजी, तुमच्याशी किती बोलू? आणि घरात कोणाशी बोलू?" काही जण म्हणतील सगळं मलाच सांगा. पुष्कळ जण म्हणतील, मोठ्या पोराशी बोला. तोही त्यांनी त्यांच्या हक्काने घेतलेला निर्णय आहे, तो तसा नोंदवा. आणि मुलगा "सांगू नका" म्हणतो तेव्हा तो बापाला फसवत नसतो. बापाचं मरण आपल्या तोंडून उच्चारलं जाऊ नये, एवढीच त्याची धडपड असते.

आता ती मागची चार-पाच माणसं. "एका पेशंटसोबत एकच नातेवाईक" अशी पाटी सगळ्या वॉर्डांवर आहे आणि गार्ड ती पाळायला लावतात. गर्दीने जंतू येतात, इतर पेशंटला त्रास होतो, ते मला पटतं. पण आमच्याकडे आजाऱ्याला पाहायला न जाणं म्हणजे सोयरीक तोडणं. लोक मालवाहू गाडी करून येतात. येताना बिस्किटाचा पुडा, मोसंबी, आणि निघताना उशीखाली शंभर-दोनशेची नोट. बाहेर आल्यावर पेशंटची बायको त्या नोटा मोजते तेव्हा कळतं की पुढच्या आठवड्याच्या गाडीभाड्याची सोय झाली. योजनेत ऑपरेशन बसतं, गाडीभाडं, बुडालेली मजुरी, बाहेरून आणायची औषधं आणि सोबतच्याचं जेवण यांचा मोठा भाग घरावरच पडतो. तो गावाने असा उचललेला असतो. गार्डने हाकललेल्या माणसाच्या हातात ती नोट तशीच राहते.

गडचिरोलीत शोधग्रामला डॉ. अभय आणि राणी बंग यांनी आदिवासींना विचारलं, तुम्हाला दवाखाना कसा हवा. लोकांनी सांगितलं की मोठ्या इमारतीची भीती वाटते, आमची माणसं जवळ राहू देत नाहीत, आणि तिथं आमचा देव नाही. मग वॉर्ड म्हणून झोपड्या बांधल्या, नातेवाईक सोबत राहतील अशा, आणि दवाखान्याला नाव दिलं माँ दंतेश्वरीचं. सगळ्या सरकारी दवाखान्यांना झोपड्या बांधता येणार नाहीत. पण दुपारी चार ते सहा भेटीची एक शेड, चटई, पिण्याचं पाणी आणि चूल मांडायला कोपरा एवढं तर होईल? अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी शाळा पाहिली नव्हती. नवस करू नका, बोकड कापू नका म्हणून ते गावोगाव लोकांवर ओरडले. आणि त्याच बाबांनी मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी केली. आजही टाटाला गेलेलं आमच्या भागातलं माणूस दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळते का पाहतं. बाबा अंधश्रद्धेवर तुमच्यापेक्षा कडक बोलले, तरी लोक त्यांना सोडून गेले नाहीत, कारण बोलणाऱ्या माणसानेच झोपायला जागा दिली होती.

आमच्या रीतीभातींत सगळं चांगलं नाही आणि ते मी झाकणार नाही. माझ्या आईचा आजार ज्यामुळे उशिरा कळला ती लाज आमचीच आहे. बाईचं दुखणं आमच्या घरांत वेचणीनंतर, सोयाबीन निघाल्यावर, पोरीचं लग्न झाल्यावर, अशा रांगेत शेवटी उभं असतं. पुरुषाच्या छातीत कळ आली तर रात्रीत गाडी होते. बाईच्या छातीत गाठ असेल तर ती आधी नणंदेला सांगते, नणंद सासूला, आणि सासू म्हणते दिवाळी होऊ दे.

सिकलचं तर बोलवत नाही. आमच्या बौद्ध समाजात आणि गोंड-परधान समाजात तो किती आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजारी लेकराची. हे मी बचत गटात खडूने काढून दाखवते, सगळ्या माना डोलावतात, आणि सोयरीक जमवताना सिकल तपासणीचं कार्ड पेटीच्या तळाशी जातं. पोरीला सिकल आहे म्हटलं तर स्थळ येत नाही. लग्नानंतर लेकरू आजारी निघालं की सून वाईट पायाची ठरते, मुलाचं रक्त कोणी तपासतच नाही. १ जुलै २०२३ ला देशात सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू झालं, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा म्हणतात. तपासण्या होत आहेत, चांगलं आहे. पण शाळेच्या वऱ्हांड्यात सगळ्यांसमोर नाव पुकारून रिपोर्ट वाटले जातात, तेव्हा त्या पोरीचं काय होतं ते गावात राहणारीलाच दिसतं. रिपोर्ट बंद पाकिटात द्या. आणि मुलगा-मुलगी दोघांना एकत्र बसवून समजावणारं माणूस द्या, फक्त मुलीला नको.

कुष्ठाचा चट्टा अजून लपवतात, तेही वर्धा जिल्ह्यात. इथे सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला आपल्या हाताने मालिश करत, दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ पासून कुष्ठरोग्यांची सेवा केली, आणि आमच्या तालुक्याला लागूनच वरोऱ्याचं आनंदवन आहे. तरी लपवतात.

लाज कशाने जाते याचा एक अनुभव सांगते. कॅन्सर म्हणजे कोणाचं तरी वाईट केल्याची फेड, असं एका म्हाताऱ्या बाईंच्या डोक्यात घट्ट बसलं होतं. त्या जेवत नव्हत्या. आमच्या गावात तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सायंप्रार्थना असते. तिथले एक दादा त्यांच्या खाटेपाशी बसून म्हणाले, "माय, तुकडोजी महाराजांले बी हेच झालं होतं. त्यांनी कोनाचं वाईट केलं होतं?" महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला कॅन्सरनेच गेले. नागपूरचं मोठं कर्करोग रुग्णालय त्यांच्याच नावाने आहे, आम्ही तिथे जातो आणि नाव वाचतो, पण हे कोणी सांगितलं नव्हतं. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "महाराजांले व्हय?" त्या रात्री अर्धी भाकर दुधात कुस्करून खाल्ली. मी तीन आठवडे समजावत होते ते एका वाक्यात झालं, कारण ते वाक्य त्यांच्या घरातलं होतं.

शेवटची मागणी, आणि हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

काही होत नाही असं कळल्यावर आमची माणसं पेशंटला घरी नेतात. ओसरीवर, तुळशीसमोर किंवा बाबासाहेबांच्या फोटोसमोर, आपल्या माणसांत जीव जावा म्हणून. तुम्ही कागदावर सही घेता, डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर. सही झाली की फाईल बंद. त्यानंतरचे तीस-चाळीस दिवस त्या घराला कोणी वाली नसतो. काकाजींच्या गालाला आरपार भोक पडलं, अळ्या झाल्या. वास एवढा की नातू खोलीत जाईना. शेवटी खाट गोठ्यात नेली. त्या माणसाने आयुष्यभर कोणाला उपाशी जाऊ दिलं नव्हतं, त्याला जेवण लांबून सरकवलं जात होतं. दुखायचं तेव्हा खाटेचा माचा मुठीत आवळून धरायचे. मी धावपळ करून विचारलं तेव्हा एका सिस्टरने सांगितलं की मेट्रोनिडॅझोलची गोळी कुटून जखमेवर टाकली की वास कमी होतो. टाकली. तीन-चार दिवसांत खाट परत ओसरीवर आली आणि नातू आजोबांच्या पायाशी बसून अभ्यास करू लागला. एवढी साधी गोष्ट डिस्चार्जच्या कागदावर कोणी लिहिली नव्हती.

दुखण्यावर मॉर्फिन असतं हे मला नंतर कळलं. २०१४ साली कायदा बदलून ते मिळणं सोपं केलं, असं सांगतात. आमच्या तालुक्यात काकाजींना ते मिळालं नाही. घरी नेणं हा तुमच्या सल्ल्याचा अपमान नाही. ती आमची मरणाची रीत आहे, आणि त्या रीतीत तुम्हाला जागा आहे. सही घेताना आठवड्याच्या वेदनेच्या गोळ्या, जखमेवरच्या औषधाची पुरचुंडी आणि एक फोन नंबर द्या, आणि माझ्यासारखीला एक दिवस बोलावून ड्रेसिंग शिकवा. बाकीचं गाव करतं. भजन मंडळी खंजिरी घेऊन येते, शेजारीण डबा देते, रात्रीच्या जागरणाला पोरं पाळी लावतात. त्यांच्या हाती फक्त औषध नसतं.

येत्या सोमवारी मी शेजारच्या काकूंना घेऊन तुमच्या ओपीडीत येणार आहे. छातीत गाठ आहे, चार महिने लपवली होती. सोबत त्यांची सासू, नणंद आणि मोठा मुलगा असतील. सासूबाई पथ्य विचारतील. काकूंच्या मनगटावर गिरडचा हिरवा धागा आहे. तो मी कालच त्यांच्या नणंदेला सांगून डाव्या हाताला बांधून घेतला. उजवा हात सलाईनसाठी मोकळा ठेवला आहे.

आपली,
एक आशा कार्यकर्ती
ता. समुद्रपूर, जि. वर्धा